वाढीव आरोपी

द्राक्षपट्ट्यातल्या त्या तालुक्याच्या न्यायालयात सगळ्यात थंड जागा म्हणजे तळघरातला जागृतिकक्ष. वर न्यायदालनात पंखे फिरून फिरून गरम हवाच इकडची तिकडे करत. खाली मात्र न्यायालयाचे स्मृतितज्ज्ञ डॉ. फिरोज तांबोळी भर चैत्रातही स्वेटर घालून बसलेले असत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मेलेल्या माणसाला ती चढायला लावण्याची सोय मात्र आता कायद्यानेच केली होती, आणि ती सोय तांबोळींच्या ताब्यात होती.

ओवी सोनकांबळे तिथे न्यायदंडाधिकारी म्हणून नुकतीच बदलून आली होती. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन तिने चार तालुके पाहिले होते, पण प्रतिसाक्षी, म्हणजे मेल्यावर साक्ष देणारा माणूस, कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर असा साक्षीदार येणार होता. म्हणून ती जिना उतरून खाली आली.

"म्हणजे हा माणूस मेलेला आहे," ती म्हणाली.

"मेलेलाच आहे, मॅडम. याबाबतीत कोणी काही वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका." तांबोळींनी एका धातूच्या कपाटावर हात ठेवला. त्याला ते शीतकोश म्हणत. "जुन्या काळी मरणाच्या दारातल्या माणसाचा जबाब लिहून घ्यायचे. मरणारा माणूस खोटं बोलत नाही, ही समजूत. पण त्या जबाबाला प्रश्न विचारता येत नव्हते. आरोपीचा वकील ओरडायचा, कागदाची उलटतपासणी कशी घेऊ? बरोबरच होतं त्याचं."

"मग ही स्मृतिमुद्रा आली."

"हो. दवाखान्यात शेवटच्या घटकेला, माणसाच्या संमतीनं डोक्यावर टोपी चढवायची. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा जोडल्यात, कोणती जोडणी किती घट्ट आहे, याचा त्या क्षणाचा पूर्ण नकाशा मिळतो. तीच मुद्रा. ती यंत्रात चालवली, की तो माणूस ऐकतो आणि उत्तर देतो."

"जिवंत होतो?"

"बोलतो," तांबोळी म्हणाले. या एका शब्दापुढे जायला ते कधीच तयार नसत.

ओवीने विचारले, की एका सुनावणीत ऐकलेले त्याला पुढच्या सुनावणीत आठवते का.

"तिथंच तर सगळी मेख आहे. ऐकलं की नकाशा बदलतो. बदललेला साक्षीदार म्हणजे पढवलेला साक्षीदार. म्हणून दर वेळी मूळ मुद्रेची नवी प्रत चालवायची आणि साक्ष संपली की ती पुसून टाकायची. मूळ मुद्रा होती तशीच राहते. दर वेळी तो दवाखान्यातल्या त्याच खाटेवरून उठतो."

"आणि मूळ मुद्रा कधीपर्यंत ठेवायची?"

"सगळ्या आरोपींचे निकाल लागून अपिलं संपेपर्यंत. मग तीही पुसायची. त्याच अटीवर माणूस संमती देतो. पण एकाही आरोपीची उलटतपासणी बाकी असेल, तर तिला कोणी हात लावायचा नाही. उद्या तो आरोपी म्हणेल, माझा साक्षीदारच मारून टाकलात."

ओवी कपाटाकडे पाहत राहिली. मग तिने सहज विचारावे तसे विचारले, "आजारपणात गेलेल्यांची मुद्रा का घेऊ देत नाहीत?"

"गुन्हा नाही तर साक्ष नाही, साक्ष नाही तर मुद्रा नाही. नाहीतर घरोघरी एकेक कपाट झालं असतं, मॅडम, आणि लोक त्याच्यासमोरून उठलेच नसते."

ओवीची आई आदल्या वर्षी पोटाच्या विकाराने गेली होती. त्या आजाराला आरोपी नव्हता. आईला कुणीतरी मारले असते तर, असा एक विचार ओवीच्या मनात आला आणि त्याची तिला इतकी लाज वाटली, की ती भराभर जिना चढून वर आली.

खटला साधा होता. निदान पोलिसांनी तो साधा करून दिला होता. हिमकन्या शीतगृहात ऐन हंगामात, निर्यातीची द्राक्षे भरली जात असताना, अमोनिया वायूची गळती झाली. यंत्रचालक समाधान गांगुर्डे आतल्या दोन मजुरांना बाहेर काढायला गेला. मजूर वाचले, पण समाधानची फुप्फुसे भाजली आणि तो दवाखान्यात मुद्रा देऊन वारला. पोलिसांच्या दोषारोपपत्रात आरोपी एकच, पाळीचा मुकादम पोपट शेजवळ. त्याने व्हॉल्व्हची देखभाल केली नाही म्हणून. मालक थेटे यांचे नाव, ज्यांच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही अशांच्या रकान्यात होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा प्रकार ओवीला नवा नव्हता.

"पोलिसांनी थेट्यांना आरोपी केलेलं नाही, मॅडम," सरकारी वकील कापडणीसबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "आपल्याला काही करता येईल का?"

"मी दखल गुन्ह्याची घेते, गुन्हेगाराची नाही," ओवीने सांगितले होते. "गुन्हा कोणी केला हे पोलिसांनी सुचवायचं, पण त्यांचं मत माझ्यावर बंधनकारक नाही. कागदांत काही असतं, तर आजच थेट्यांना समन्स काढलं असतं. कागद मात्र कोरे आहेत. पुरावा सुरू होऊ द्या. साक्षीत कोणाचं नाव आलं, तर खटला चालू असताना आरोपी वाढवायचा अधिकार मला आहे. फक्त निकालाच्या आधी वाढवायचा. निकाल वाचला की तो अधिकार संपला."

समाधानची साक्ष सुरू झाली तेव्हा न्यायदालन गच्च भरले होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक जाळीदार पेटी ठेवलेली. चेहरा नाही, चित्र नाही. कायद्याला फक्त आवाज हवा होता. पहिल्या बाकावर त्याची बायको ऋतुजा बसली होती. नातेवाइकांना बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. तिचा एक शब्द जरी पेटीत गेला असता, तरी साक्ष रद्द झाली असती. तसे तिच्याकडून लिहून घेतले होते.

तांबोळींनी कळ दाबली. पेटीतून आधी एक दमलेला श्वास आला, आणि मग आवाज.

"ऋतू आली का?"

ऋतुजाने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता.

"ही न्यायालयापुढची साक्ष आहे," लिपिकाने नियमाप्रमाणे वाचले. "विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं द्या."

थोडा वेळ शांतता होती. मग पेटी म्हणाली, "असं होय. म्हणजे गेलो मी." आणि क्षणभराने, "बरं. विचारा."

समाधान नीट बोलला. गळती सांगणारा भोंगा हंगामात सारखा वाजे. तो वाजला की भरणी थांबे, कंटेनर खोळंबत. म्हणून थेटे मालकांनी स्वतः उभे राहून भोंग्याची तार काढायला लावली. शेजवळ नको म्हणत होता. "तो म्हणला, मालक, जीव जाईल कुणाचा तरी. मालक म्हणले, आधी माल जाऊ दे."

ओवीने त्याच दिवशी आदेश दिला. साक्षीदाराच्या शपथेवरच्या सांगण्यावरून थेटे यांना आरोपी म्हणून बोलावण्यात येत होते. आणि कायदा असा, की मागाहून आलेल्या आरोपीपुरता खटला पहिल्यापासून चालवायचा. जे साक्षीदार होऊन गेले, ते त्याच्यासमोर पुन्हा तपासायचे.

म्हणून समाधानला पुन्हा उठवले गेले.

"ऋतू आली का?" त्याने विचारले. तोच दमलेला श्वास, तीच शांतता. "असं होय. म्हणजे गेलो मी." त्याला आपले मरण दुसऱ्यांदा कळले आणि त्याने ते पहिल्यांदाच कळल्यासारखे सोसले. ओवीला मान वर करवेना. तिने ऋतुजाकडे पाहिले तेव्हा मात्र ती चकित झाली. ऋतुजाचे डोळे वाहत होते आणि चेहरा उजळला होता, माहेरचे माणूस दारात दिसावे तसा.

त्या दिवशी थेट्यांच्या वकिलांनी, बोराडे नावाच्या बड्या शहरी गृहस्थांनी, समाधानला मास्कवरून घेरले.

"तुम्ही मास्क घालून आत गेलात. तरी वायू छातीत गेला. का?"

"मास्कची डबी निकामी झाली होती."

"कशानं?"

पेटी गप्प.

"ती पाण्यानं धुतली होती. बरोबर? डबीतली भुकटी भिजली की ती वायू शोषत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. कोणी धुतली?"

"मीच."

"तुमच्या घरी धुणं कोण धुतं?"

"वकीलसाहेब," समाधानचा आवाज म्हणाला, "धुणं कोण धुतं, हे विचारायला मला मेल्यावर उठवलंत व्हय?"

दालनात हशा पिकला. तोंडातल्या बोळ्याआड ऋतुजाही हसली, आणि हसता हसता वाकून रडू लागली.

साक्ष संपल्यावर ती तळघराच्या जिन्यात तांबोळींना गाठायला थांबली. "आता परत कधी?"

"आता नाही, ताई. दोन्ही आरोपींची उलटतपासणी झाली. निकाल लागेल, अपिलं होतील, मग मुद्रा..." त्यांनी हाताने पुसल्याची खूण केली. "आणखी कोणी आरोपी आला असता तर गोष्ट वेगळी."

हे त्यांनी सांगायला नको होते, असे त्यांचे त्यांनाच पुढे वाटले. कारण त्यानंतर ऋतुजाचे अर्ज येऊ लागले. व्हॉल्व्ह विकणाऱ्या दुकानदाराला आरोपी करा. घाई करणाऱ्या कंटेनरच्या दलालाला करा. रुग्णवाहिका उशिरा आली, तिच्या चालकाला करा. कापडणीसबाई अर्ज मांडत आणि स्वतःच खाली बघत. ओवी प्रत्येक अर्ज फेटाळत राहिली.

अखेर एकदा तिने ऋतुजालाच पुढे बोलावले. "आरोपी वाढवायचा अधिकार क्वचित वापरायचा असतो. नुसता संशय चालत नाही. ज्याला शिक्षा होईल इतका पुरावा दिसतो, त्यालाच बोलवायचं. हे लोक निर्दोष आहेत, हे तुम्हालाही कळतंय. मग हे कशासाठी? थेट्यांना शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटत नाही का?"

"वाटतं, मॅडम. व्हायलाच पाहिजे." ऋतुजा कठड्याला धरून उभी होती. "पण त्यानं माझं पोट भरत नाही. मला त्याचा आवाज पाहिजे. त्या दिवशी मी द्राक्षाच्या बागेत कामावर होते. फोन लागला, पण गाडी मिळाली नाही. दवाखान्यात पोचले तर टोपी काढून ठेवलेली. तो सारखा विचारतोय मी आले का, आणि मी समोर बसून गप. एवढं एकदा त्याला सांगू द्या, आले म्हणून. मग पुसा."

"नाही सांगता येणार," ओवी म्हणाली. तिचा आवाज हवा तेवढा कठोर लागला नाही. "साक्षीदाराशी बोलायचा हक्क फक्त सरकारला आणि आरोपीला आहे."

ऋतुजा मान हलवून जागेवर जाऊन बसली. तिने पुढे एकही अर्ज केला नाही. ओवीला वाटले, बाई समजूतदार आहे.

अखेरच्या युक्तिवादात बोराडे यांनी वड्याचे तेल वांग्यावर काढले. समाधान बायकोला पाठीशी घालत होता, हे उघड आहे, ते म्हणाले. डबी घरी धुतली गेली. मास्क शाबूत असता तर माणूस वाचला असता. तेव्हा मृत्यू थेट्यांच्या तार काढण्याने नव्हे, तर घरच्या साबणाने झाला. "न्यायालयाला आरोपी वाढवायची एवढी हौस आहे," ते हसून म्हणाले, "तर मग या बाईंना का नाही?"

कापडणीसबाई हरकत घ्यायला उठल्या. पण त्यांच्या आधी पहिल्या बाकावरून ऋतुजा उठली.

"साहेब बरोबर बोलतायत. घ्या मला आरोपीत."

दालनात कुजबुज झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असे शिपाईसुद्धा पुटपुटला. ओवीने तिला पिंजऱ्यात बोलावून शपथ दिली आणि सावध केले, की ती जे सांगेल ते तिच्याविरुद्ध वापरले जाईल, वाटल्यास तिने गप्प बसावे. ऋतुजा गप्प बसली नाही. शीतगृहात सामान ठेवायला कपाटे नव्हती, म्हणून समाधान मास्क पिशवीतून घरी आणी. त्याला अमोनियाचा वास यायचा. घरात आलेल्या वस्तूला वास येतो म्हटल्यावर ती धुणार नाही तर काय करणार? कपड्यांबरोबर तिने तो साबणात बुचकळला आणि डबीसकट दोरीवर वाळत घातला.

"डबी धुवायची नसते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. शेजवळभाऊंनी सांगितलं होतं आम्हा सगळ्या बायकांना. तरी धुतली."

आरोपीच्या पिंजऱ्यातल्या शेजवळने मान खाली घातली. ओवीने विचारल्यावर तो "सांगितलं होतं" एवढेच म्हणाला. तो खरे बोलत होता, की त्या बाईचे मन राखत होता, की आपला भार हलका करत होता, हे ओवीला कळेना. ऋतुजाला ते आधी खरेच माहीत होते का, हेही कळेना. शपथेवरचा शब्द मात्र दप्तरात उतरला होता.

मधल्या सुट्टीत ओवी डबा न उघडता तळघरात गेली.

"ती त्याच्याशी बोलता यावं म्हणून आरोपी होतेय," तिने तांबोळींना सांगितले.

"वकील दिला नाही तर आरोपीला स्वतः उलटतपासणी घेता येते. मी काही सांगितलं नाही हं, मॅडम. तिनंच शोधून काढलंय."

"चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, ते मी अडवू शकते. इथं संन्यासीच येऊन फाशी मागतोय. काय करू मी?"

"पुरावा आहे का?"

"आहे. धुतल्याची कबुली आहे, माहीत असल्याची कबुली आहे. दुसऱ्या कोणाबद्दल असता, तर मी एवढा विचारही केला नसता."

"मग तिचा हेतू काय, हे पाहायला कायदा सांगतो?"

"नाही सांगत," ओवी म्हणाली. हे उत्तर आपल्याला फार चटकन सुचले, हे तिच्या लक्षात आले. तिने स्वतःलाच विचारून पाहिले, की आदेश पुराव्यावरून निघतोय की आईवरून. दोन्ही एकाच दिशेने जात होते आणि त्यांना वेगळे काढणे तिला जमले नाही. शेवटी तिने पुराव्याकडे बोट दाखवून मन शांत केले. न्यायाधीशही माणूसच असतो, फक्त त्याला कारणे लिहावी लागतात.

निकाल वाचण्यापूर्वी तिने आदेश दिला. ऋतुजा समाधान गांगुर्डे यांना आरोपी करण्यात येत होते. त्यांचा खटला वेगळा काढून पहिल्यापासून चालवायचा होता. त्यानंतर तिने उरलेल्या दोघांचा निकाल वाचला. भोंगा चालू असता तर मास्कची वेळच आली नसती, म्हणून थेटे दोषी. त्यांना तुरुंगवास झाला. शेजवळने विरोध केला होता, म्हणून तो सुटला. कापडणीसबाईंनी पेढे वाटले. शेजवळ घरी जाताना ऋतुजाच्या पाया पडला आणि ती ओशाळून मागे सरकली.

जातमुचलक्यावर सही करून ऋतुजा तळघरात आली. तांबोळींनी तिला खुर्ची दिली आणि स्वतःचा स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकला. ती शीतकोशाकडे बघत बसली.

"यातच असतो तो?"

"यातच."

"एवढ्या गारठ्यात?" मग तिचे तिलाच हसू आले. "त्याला थंडी कधी सोसायची नाही. शीतगृहात नोकरी आणि घरी आला की दोन गोधड्या. डॉक्टर, मी किती वेळ बोलू शकेन?"

"तुमचे प्रश्न संपेपर्यंत. मॅडम आडकाठी करतील असं वाटत नाही."

"आणि मग?"

तांबोळींना खोटे बोलता येत नसे. "मग ती प्रत जाईल. तुमचा निकाल लागेल. थेट्यांची आणि तुमची अपिलं संपतील. मग मूळ मुद्राही पुसावी लागेल. तेव्हा काय बोलायचं ते मनात नीट जुळवून ठेवा, ताई. परत संधी नाही."

"आणि तोवर इथं एकटा पडून कंटाळत नाही ना तो? आपली वाट बघत नाही ना?"

"नाही. झोपलेल्या मुद्रेला काळ नसतो. उद्या उठवा नाहीतर शंभर वर्षांनी, त्याला एकच क्षण गेलेला असतो. वाट बघायचं काम आपल्याकडेच आहे."

"हे बरंय," ऋतुजा म्हणाली. तिने स्वेटर घडी करून परत दिला.

तारखेच्या दिवशी ओवी नेहमीपेक्षा लवकर आली. तिने ठरवले होते, की त्या बाईने काहीही विचारले तरी गैरलागू म्हणून अडवायचे नाही. गावात काय पिकले, शेजारीण काय म्हणाली, काहीही. मुख्य म्हणजे त्याने विचारले, की उत्तर तिलाच देऊ द्यायचे. तांबोळींनी पेटी पुसून चकचकीत केली होती आणि नवा सदरा घातला होता. कोणाचे लग्न आहे की काय, असे शिपायाने विचारलेही.

"ऋतुजा समाधान गांगुर्डे, हाजिर हो!" पुकारा झाला.

कोणी आले नाही. व्हरांड्यात जाऊन शिपायाने दुसऱ्यांदा पुकारले, मग फाटकाशी जाऊन तिसऱ्यांदा. दुपार टळली तरी पहिला बाक रिकामाच होता. पोलिसांचा माणूस घरी जाऊन आला. घराला कुलूप होते. किल्ली शेजारणीकडे होती. तुळशीला पाणी घालत जा, एवढेच ती सांगून गेली होती. कुठे गेली, ते भावालाही ठाऊक नव्हते. फोन घरातच ठेवलेला होता.

"घाबरली असेल," कापडणीसबाई म्हणाल्या. "शिक्षेचा विचार आता डोक्यात शिरला असेल. मी म्हणतच होते."

ओवीलाही आधी तसेच वाटले आणि तिला रागच आला. एवढा आटापिटा केला, कायदा ताणला नाही म्हणून स्वतःची समजूत घातली, आणि आता ही आयत्या वेळी पाठ फिरवते? तिने फरारी आरोपीविरुद्धच्या आदेशाचा मसुदा समोर ओढला. बेमुदत पकड वॉरंट. खटला सुप्त यादीत. पुराव्याची व्यवस्था, या कलमाशी ती आली आणि थांबली.

"डॉक्टर," तिने पेटीजवळ उभ्या असलेल्या तांबोळींना विचारले, "अशा वेळी मुद्रेचं काय करता?"

"आरोपीची उलटतपासणी बाकी आहे, मॅडम. ती होईपर्यंत मुद्रा जपून..." तांबोळींचे वाक्य तिथेच अडकले. त्यांनी पेटीवरचा हात हळूच काढून घेतला, झोपलेल्याला जाग येऊ नये तसा.

कापडणीसबाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" अखेर त्यांनी विचारले.

"ती आली असती, तर त्याच्याशी बोलली असती," ओवी म्हणाली. "आणि तो संपला असता. ती सापडेपर्यंत आता त्याला कोणी हात लावू शकत नाही. मीसुद्धा नाही. तो आहे तसा राहणार."

"पण तिला तर त्याच्याशी बोलायचं होतं ना? त्यासाठीच तर एवढं..."

"फार बोलायचं होतं."

कापडणीसबाई मट्‌कन खाली बसल्या. ओवीच्या डोळ्यांसमोर ती बाई उभी राहिली, कुठल्या तरी परमुलखात, दुसऱ्याच नावाने, दुसऱ्यांच्या बागेत घड खुडणारी. घर गेले, गाव गेले, भाऊ गेला. ज्या एका आवाजासाठी ती हे सगळे सोडून गेली, तो आवाज जिथे होता तिथेच तिला आता कधी पाऊल टाकता येणार नव्हते. आईची मुद्रा असती आणि मला असे निवडावे लागले असते, तर मी ती एक भेट घेऊन टाकली असती, असे ओवीला वाटले. तिला स्वतःची कीव आली, आणि त्या बाईचा हेवा वाटला. मग तिला रडू आवरेना, आणि भर न्यायासनावर तिने ते आवरलेही नाही.

डोळे पुसून तिने आदेश पुरा केला. मूळ स्मृतिमुद्रा आरोपी हजर होईपर्यंत शीतकोशात सुरक्षित ठेवावी. तांबोळींनी आदेशाची प्रत घेतली आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून ते जिना उतरून गेले.

पोलीस निरीक्षक वॉरंट घ्यायला पुढे आले. जिल्ह्याजिल्ह्यांत फोटो पाठवतो, द्राक्षाच्या हंगामात मजुरांच्या टोळ्या तपासतो, अशी बाई फार दिवस लपू शकत नाही, आम्ही हुडकून काढूच, असे ते उत्साहाने सांगत होते. त्यांनी विचारले, "तपास कसा करू, मॅडम?"

"कायद्याप्रमाणे करा," ओवी म्हणाली आणि वॉरंटवर सही केली. सही करताना ती मनातल्या मनात देवाची विनवणी करत होती, की यांना ती सापडू नये.